देव न मानता दिंडीत चालताना

माघ वद्य सप्तमीला शेगावात गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. त्याच्या आधी वऱ्हाडातल्या गावागावांतून पायी दिंड्या निघतात. आषाढीला शेगावहून पंढरपूरला जाणारी पालखी महिनाभर चालते, एका बाजूचंच अंतर सातशे किलोमीटरच्या वर. आमच्या भागातली ही वारी त्यामानाने लहान: अकोल्याकडून गायगावमार्गे शेगाव, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दोन दिवस, एक मुक्काम. मी देव मानत नाही आणि या दिंडीत चालतो. पुढचं लिहितोय ते अशाच कुणासाठी, ज्याचं घर माळकऱ्यांचं आहे, गाव लहान आहे आणि ज्याला खोटं बोलायचं नाही.

नाही म्हणायचं ते निघण्याआधी. वर्गणीची यादी फिरते तेव्हाच दिंडीचालकाला एकट्याला गाठून सांगावं: मी चालणार, पाणी आणि चूल माझ्याकडे द्या, पण टिळा लावणार नाही, आरतीत उभा राहणार नाही, माळ घालणार नाही. चार वाक्यांच्या वर जाऊ नये. हेच रस्त्यावर, पन्नास माणसांसमोर, कुणी बुक्क्याचं बोट कपाळाकडे आणलं असताना सांगितलं की तो अपमान होतो. आधी सांगितलं की ती सोय होते, आणि विणेकरी स्वतःच पुढच्याला म्हणतो, "राहू दे, त्याले नाही लावत."

सुतकाचं निमित्त कधी काढू नये. वाटतं, एवढ्यावर आरती टळेल. पण सुतक असलेल्याने पालखीला शिवायचं नाही, स्वयंपाकालाही हात लावायचा नाही. म्हणजे जे काम घेऊन तुम्ही दिंडीत आलात तेच हातचं जातं. वर कोण वारलं, कितवा दिवस, हे विचारणारे शंभर जण असतात. पोट बिघडलंय, उपास आहे, ही निमित्तंही एक रात्र टिकतात, दुसऱ्या दिवशी फिरून येतात.

चालण्याचं गणित वेगळं नाही. एकटा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. टाळ-मृदंगाच्या दिंडीत तीन-साडेतीन धरावे, कारण पावली आणि गावोगावचा चहा मध्ये येतो. पहाटे काकडा आटोपून निघालं तर उन्हाआधी दहा-बारा किलोमीटर होतात. माघात रात्री थंडी आणि दुपारी चटका, त्यामुळे तहान उशिरा कळते. इथे लक्ष ठेवायचं ते पाण्यावर. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी मचूळ, तहान भागत नाही, सवय नसलेल्याचं पोट सुटतं. शंभर माणसांना पिण्यासाठी दिवसाला चारशे लिटर लागतात. पाचशेची टाकी छोट्या टेम्पोत गोड्या पाण्याने भरून सोबत ठेवावी आणि मुक्कामाच्या गावी पुन्हा भरण्याची सोय आधीच बोलून ठेवावी. गडबड होते ती दुपारी: टेम्पो पुढे निघून जातो आणि मागची म्हातारी माणसं वाटेतल्या हापशाला लागतात. म्हणून टेम्पो कायम दिंडीच्या शेपटीला. जुलाब लागले तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेही चहाच्या चमच्याने मोजून. अंदाजाने टाकलेलं जास्तीचं मीठ त्रास वाढवतं. फोडाचं कातडं सोलू नये. फारच ताणला असेल तर उकळलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं आणि वर स्वच्छ पट्टी बांधावी.

संध्याकाळ अवघड असते. पाय ठणकत असतात, हरिपाठ होऊन जेवणाला वेळ असतो, आणि सतरंजीवर शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याला तुमची काळजी वाटू लागते. "काहून बा, मानत नाहीस मंग चालतं कायले?" हा प्रश्न खरा असतो, त्याला खरं उत्तर द्यावं: माणसांसोबत चालायला आवडतं. "अनुभव नाही आला तुले अजून, येईन." यावर काही बोलायची गरज नसते. "लेकरू बिमार पडलं तं कोणाचं नाव घेशीन?" हे मात्र लागतं. "मामा, दवाखान्यात नेईन अन् तुम्हाले फोन करीन," एवढं पुरतं, आणि ते खरंही असतं. दिंडीत वाद जिंकता येत नाही. एकाशी बोलायला लागलं की दहा गोळा होतात, आणि मग प्रत्येकजण तुमच्याशी कमी, त्या दहांशी जास्त बोलतो. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडतात, "माउली" म्हणतात. ते मी मोकळ्या मनाने करतो, कारण तिथे समोर माणूस असतो.

माळेचा आग्रह वेगळा, तो मायेने होतो. कुणी स्वतःच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून पुढे करतो. भेट म्हणूनही ती गळ्यात पडू देऊ नये. माळ घातली म्हणजे मांसाहार सुटला, दारू सुटली, एकादशी आली, वारी आली. ती घालून पुन्हा काढणं गावात न घालण्यापेक्षा फार जड जातं. "मी मानत नाही, मले पाळता येणार नाही, म्हणून घालत नाही." हे वारकऱ्याला कळतं, कारण माळ पाळायची असते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. गाडगेबाबांची ढाल मात्र करू नये. शेंडगावचा हा माणूस पंढरपुरात देवळाबाहेर झाडत राहिला हे खरं, पण गळ्यातलं भजन त्याच विठ्ठलाचं होतं. नास्तिकाने त्यांना आपल्या बाजूला ओढणं बरोबर नाही.

शंभर माणसांच्या झुणका-भाकरीला पंचवीस किलो ज्वारीचं पीठ, सहा किलो बेसन, आठ किलो कांदे, अडीच-तीन लिटर तेल लागतं. अडीचशे भाकरी चार तव्यांवर, एका भाकरीला तीन मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. आठला पंगत बसवायची तर पाचच्या आत पहिली भाकरी तव्यावर पडायला हवी. म्हणून थापणाऱ्या बाया हरिपाठालाही नसतात, आरतीलाही नसतात, आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल कुणी विचारत नाही. त्यांचं काम सेवा धरलं जातं. मी त्यांच्याजवळ सरपण घेऊन बसतो. पण त्यांच्यातल्या एखादीला देव मानायचा नसेल तर तिला हे सांगायची सोय नाही. तिच्या 'नाही'चं उत्तर सासरच्या माणसांकडून मागितलं जातं. पाळी आलेलीला चुलीपासून उठवतात तेव्हा मी गप्प बसत नाही.

'नाही' कुणाच्या तोंडून येतं यावर गावात पुष्कळ ठरतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ज्यांच्या घरच्यांनी बाबासाहेबांसोबत २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्याकडेही दिंडीची वर्गणी मागायला जातात. माझं 'नाही' शहाणपणा म्हणून सोडून देतात. त्यांचं जातीवर नेतात. म्हणून यादी घेऊन त्या वस्तीत जाऊ नका, हे मीच आधी बैठकीत बोलतो. माझ्या तोंडून ते ऐकलं जातं.

एका ठिकाणी सौजन्य बाजूला ठेवावं. मुक्काम शेताकडेला असला की साप, विंचू निघतात. चावलेल्याला कुणी अंगारा लावू, मंत्र म्हणू म्हटलं की तिथे उभं राहायचं: हातपाय हलू न देता झोपवायचं, कापायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, १०८ला फोन लावायचा, चावल्याची वेळ लिहून ठेवायची. दंशावर औषधोपचार अडवून मंत्र-गंडेदोरे करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. भजन, कीर्तन, यात्रा, प्रदक्षिणा यांना तो कायदा हात लावत नाही, हेही सांगावं. नाहीतर सगळी दिंडीच बंद पाडायला आलात असा समज होतो.

शेगावात रांग लागते तेव्हा शंभर जणांच्या पिशव्या, चपला, मोबाइल सांभाळायला कुणीतरी हवंच असतं. जोडाची चप्पल एका दोरीत बांधून त्यात नावाची चिठ्ठी घालावी, पिशव्या टेम्पोतच ठेवाव्या. "पायाशी येऊन सुद्धा आत नाही गेलास?" असं बाहेर आल्यावर म्हाताऱ्या विचारतात. मी नाही म्हणतो आणि चपला पुढे करतो. परतताना भांडी मोजून घ्यावी. पराती आणि उलथनी हमखास कमी भरतात.