अंगठ्याखालची चौकट

जाडजूड कादंबऱ्यांचा फडशा पाडायचा म्हणून सुट्टी काढली होती. दुसरीच्या मध्यावर जीव कंटाळला, म्हणून वर्तमानपत्रांतल्या जुन्या चित्रपट्ट्यांचा एक निवडक संग्रह उघडला. कादंबऱ्या राहिल्याच.

फ्रँक किंगची ‘गॅसोलिन अ‍ॅली’ १९१८ सालची. सुरुवातीला मोटारवेड्या मित्रांच्या गप्पा, बाकी काही नाही. मग १४ फेब्रुवारी १९२१ला ब्रह्मचारी वॉल्टच्या दारात कुणीतरी तान्हं मूल ठेवून जातं. हा स्कीझिक्स चित्रातला असूनही चक्क वाढतो. वाचकाचा एक दिवस सरला की त्याचाही सरतो. पुढे तो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जातो. त्या वाचकांनी त्यासाठी वीसेक वर्षं रोज पेपर उघडला. माझ्याकडे दुपारी दुपट्यात असलेलं पोर दिवेलागणीला गणवेशात!

हे असं वाचणं म्हणजे अधाशीपणाच. साहसाच्या पट्ट्यांत तर तो लगेच उघडा पडतो. काल ज्याचा पेपर चुकला त्याच्यासाठी पहिल्या चौकटीत कालचंच थोडं पुन्हा सांगितलेलं असतं. सलग वाचताना कड्याला लोंबकळणारा गडी पानापानावर नव्यानं लोंबकळतो आणि आपल्याला त्याची काळजी वाटेनाशी होते.

लहानपणी पेपर आधी आजोबांच्या हातात. ते अग्रलेखात बुडालेले, मी समोर फतकल मारून मागच्या पानावरची पट्टी वाचायचो. तीन चौकटी दिसायच्या, चौथीवर नेमका त्यांचा अंगठा. ‘आजोबा, जरा बोट’ म्हणायची सोय नव्हती. मग शेवट मीच रचायचो. पेपर हातात आल्यावर खरा शेवट बघायचो, तर बऱ्याचदा माझाच बरा असायचा. (हे माझं मत अजून कायम आहे.)

उद्याचं चित्रकाराला तरी कुठे ठाऊक असायचं? सेगारची ‘थिंबल थिएटर’ १९१९पासून चालू होती. १७ जानेवारी १९२९ला जहाजावर एक माणूस हवा म्हणून कुणीतरी विचारतं, ‘खलाशी आहेस का?’ तो फिस्कारतो, ‘मग काय गुराखी वाटलो?’ हा पॉपाय. चार दिवसांचा पाहुणा म्हणून आला आणि घरमालक होऊन बसला.

‘पीनट्स’ मात्र अजून उघडलेलं नाही. २ ऑक्टोबर १९५०ला सुरू झालेल्या या मालिकेची शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २०००ला, रविवारी छापून आली. ती काढणारे शुल्झ आदल्याच रात्री गेले होते. ही तरी रोज एकच वाचायची, असं ठरवतोय. पण पट्ट्या जवळजवळ अठरा हजार, म्हणजे पन्नासेक वर्षं झाली. तेवढी माझ्याकडे नाहीत.

रोज दोन वाचाव्या लागतील.