निदारोसला गेलात तर आधी विहीर बघा

नॉर्वेची राजधानी ऑस्लोहून सकाळची रेल्वे धरली की डोंगर ओलांडून सुमारे सात तासांत ट्रॉन्डहाइम येतं; निदारोस हे त्याचंच जुनं नाव. स्टेशनपासून निदारोस कॅथेड्रल वीसएक मिनिटांच्या चालीवर आहे.

बहुतेक जण पश्चिमेच्या मूर्तींनी भरलेल्या भिंतीसमोर फोटो काढतात आणि आत एक फेरी मारून निघतात. तुम्ही मात्र आधी थेट पूर्वेच्या टोकाला, अष्टकोनी गाभाऱ्यापाशी जा. तिथे एक जुनी विहीर आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

नॉर्वेचा राजा ओलाव हाराल्डसन २९ जुलै १०३० रोजी स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला. त्याच्या माणसांनी देह लपवून आणला आणि निदेल्वा नदीकाठी वाळूत पुरला. वर्षभराने उकरला तर केस आणि नखं वाढलेली, गालांवर लाली, असं जुन्या सागा, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन गद्यकथा, सांगतात. बिशप ग्रिमकेलने त्याला संत जाहीर केलं. पुरल्या जागी झरा फुटला (तीच ही विहीर, असं मानतात), त्या पाण्याने आजारी बरे होऊ लागले, अशी श्रद्धा. मला सर्वांत भिडली ती तोरे हुंडची कथा. राजावर भाल्याचा वार करणारा हाच. नंतर त्याच मेलेल्या राजाचा चेहरा पुसताना राजाचं रक्त तोरेच्या जखमी हाताला लागलं आणि जखम भरून आली. राजाच्या संतपणाची ग्वाही देणाऱ्या बड्या माणसांत हा शत्रूच पहिला!

१०७० च्या सुमारास ओलाव किर्रे राजाने इथे दगडी चर्च बांधायला घेतलं. इंग्लंडमध्ये परागंदा राहून आलेल्या आर्चबिशप ऑइस्टाइनने पुढे त्याला गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीचं, वळण दिलं. मग आगी लागत राहिल्या. १५३७ च्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर संताचा देह ठेवलेली चांदीची पेटी डेन्मार्कला नेऊन वितळवली. देह १५६८ मध्ये चर्चमध्येच कुठेतरी पुरला; जागा आज कोणालाच ठाऊक नाही. हे कळल्यावर मी आत पाऊलही जपून टाकत होतो.

१८६९ ला सुरू झालेला जीर्णोद्धार २००१ पर्यंत चालला. पश्चिमेच्या बहुतेक मूर्ती त्याच काळातल्या. त्या बघायला दुर्बीण न्याच. वायव्य मनोऱ्यावरच्या देवदूत मायकेलला शिल्पकाराने अमेरिकी गायक बॉब डिलनचा चेहरा दिलाय.

शेजारच्या आर्चबिशपच्या वाड्यासह एकत्र तिकीट घ्या आणि निदान अर्धा दिवस ठेवा. उन्हाळ्यात मनोरा चढता येतो. १७२ पायऱ्या, जिना अरुंद, गुडघे दुखत असतील तर नको. २९ जुलैच्या ओल्सोक सणाला, म्हणजे संत ओलावच्या स्मृतिदिनी, ऑस्लोहून सुमारे ६४० किलोमीटर चालत आलेले यात्रेकरू भेटतात, पण खोली फार आधी धरावी लागते. आत गार असतं, स्वेटर ठेवा. आणि भिंतींजवळून सावकाश चाला: तिरप्या उजेडात जुन्या पाथरवटांनी दगडांवर कोरलेल्या आपापल्या खुणा दिसतात.