रॅपवाले गाणी चोरतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

"अरे पण ह्यात ह्यांचं स्वतःचं काय असतं? चाल दुसऱ्याची, वाजवलंय तिसऱ्याने, हे नुसते वरून बडबडणार. चोरीच ना ही?" मी हिप हॉप ऐकतो हे कळलं की पुढच्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा स्वतः चांगले गाणं ऐकणारे असतात म्हणून तो हसण्यावारी पण नेता येत नाही. तर एकदाच नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

मी दरवेळी एकच अल्बम पुढे करतो. डे ला सोल ह्या अमेरिकन रॅप ग्रुपचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', १९८९, त्यांचा पहिलाच स्टुडिओ अल्बम. कारण चोरीचा आरोप करायचा तर ह्याच्यावरच करा ना, साठच्या वर वेगवेगळ्या रेकॉर्ड्सचे तुकडे आहेत ह्यात असं सांगतात. आणि चोरी नाही असं म्हणायचं तरी पुरावा म्हणून हाच.

पोरं कोण, तर न्यूयॉर्क शहराच्या बाहेर लाँग आयलंडवर ॲमिटीव्हिल म्हणून गाव आहे तिथली, शाळेपासूनचे तिघं मित्र. पॉसडनूस, ट्रुगॉय आणि मेसिओ. नावांवरूनच कळतं टाळकी कशी होती, ट्रुगॉय म्हणजे इंग्रजी योगर्ट उलटं लिहिलेलं (त्याला दही आवडायचं, बस एवढंच कारण) आणि पॉसडनूस म्हणजे साउंड सॉप उलटं. ह्यांना भेटला प्रिन्स पॉल, त्याच गावचा, थोडासा मोठा, तेव्हा स्टेट्सासॉनिक नावाच्या बँडमध्ये डीजे होता. तो झाला प्रोड्युसर. म्हणजे सगळे मिळून विशीच्या आसपासची पोरं, हातात टॉमी बॉय ह्या लेबलचं काँट्रॅक्ट, आणि सांगणारं मोठं माणूस कोणी नाही.

त्या काळात रॅपर म्हटला की सोन्याच्या जाड चेनी, छाती पुढे, चेहऱ्यावर राग. हे आले तर कव्हरवर पिवळाधम्मक रंग आणि फुलं. 'मी मायसेल्फ अँड आय'च्या व्हिडिओत तर हे वर्गात बसलेत आणि बाकीची पोरं आणि मास्तर ह्यांना छळतायत कारण हे रॅपरसारखे दिसत नाहीत. लोकांनी लगेच हिप्पी म्हणून शिक्का मारला, त्याचा ह्यांना इतका वैताग आला की दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर ह्यांनी डेझीच्या फुलांची कुंडीच आडवी पाडून फोडली आणि अल्बमचं नाव काय ठेवलं, तर 'डे ला सोल इज डेड'. असो, ते नंतरचं.

आता मुद्द्याचं. सॅम्पलर म्हणजे काय, तर एक मशीन, त्यात रेकॉर्डवरचा एक तुकडा भरायचा आणि मग तो हवा तसा वाजवायचा, हळू, जलद, उलटा, परत परत. तेव्हाच्या मशीनमध्ये जेमतेम काही सेकंद मावायचे. त्यामुळे अख्खं गाणं उचलायचा प्रश्नच नव्हता, कुठले दोन सेकंद घ्यायचे हीच सगळी कारागिरी. बहुतेक प्रोड्युसर तेव्हा फंकवाल्या जेम्स ब्राउनच्या रेकॉर्ड्स पिळत होते. ह्या पोरांनी काय घेतलं बघा, घरात आईवडिलांच्या कपाटात जे होतं ते सगळं. सोल, फंक तर आहेच पण गोऱ्यांचं पॉप, कंट्री, लहान मुलांचे टीव्ही प्रोग्रॅम, भाषा शिकवायच्या रेकॉर्ड्स.

'आय नो' ऐका. त्याच्यात स्टीली डॅन ह्या रॉक बँडच्या 'पेग'चा तुकडा आहे, म्हणजे स्टुडिओत महागातले महाग वादक बसवून एकेक सूर घासूनपुसून केलेलं गाणं, आणि त्याच्याच बाजूला सोल गायक ओटिस रेडिंगची शिट्टी आहे, 'डॉक ऑफ द बे'च्या शेवटी येते ती. ओटिसने ते गाणं रेकॉर्ड केलं आणि काही दिवसांत, डिसेंबर १९६७ मध्ये, तो विमान अपघातात गेला, सव्वीस वर्षांचा होता. ती शिट्टी एरवी ऐकली की पोटात कसंतरी होतं. इथे तीच शिट्टी एका पोराच्या प्रेमाच्या कबुलीमागे इतकी मजेत वाजते की वाटतं ती ह्याच गाण्यासाठी घातली होती. हे दोन तुकडे एकमेकांचे लागतात हे आधी कोणाला ऐकू आलं होतं? ते ऐकू येणं हे ह्यांचं स्वतःचं. मला विचाराल तर हे पेटी शिकण्याइतकंच अवघड आहे, आणि शिकवायला क्लास पण नाही.

'से नो गो' तर त्याहून. हॉल अँड ओट्स ह्या जोडीचं एकदम गुळगुळीत रेडिओ छाप पॉप गाणं, त्याच्यावर हे क्रॅकच्या, म्हणजे ओढायच्या कोकेनच्या, व्यसनाबद्दल बोलतायत, व्यसनी आईच्या पोटी आलेल्या बाळापासून सुरुवात. खाली डान्सची चाल चालूच. मूळ गाणं त्यामुळे बिघडत नाही पण परत कधी तेवढं निष्पाप पण वाटत नाही.

आणि अल्बमचं नाव. 'द मॅजिक नंबर' हे गाणं मुळात अमेरिकेत टीव्हीवर मुलांना तीनचा पाढा शिकवायला केलेल्या गाण्यावरून घेतलंय, तीन मित्र म्हणून तीन. त्यातच मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशचा आवाज येतो, पुरावरच्या त्याच्या जुन्या गाण्यातला, पाणी किती चढलंय तर तीन फूट आणि चढतंय, म्हणजेच 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'. पाढा आणि पूर, दोन्हीकडचा तीन एकत्र. ही असली गंमत चोराला सुचत नसते हो, चोर घाईत असतो.

बरं ह्याच अल्बममध्ये 'पॉटहोल्स इन माय लॉन' म्हणून गाणं आहे ते कशाबद्दल, तर दुसरे रॅपर आमच्या ओळी चोरतात म्हणून तक्रार! आमच्या हिरवळीत खड्डे पाडून जातात म्हणे. आणि मागे पार्लमेंट ह्या फंक बँडच्या रेकॉर्डमधलं योडलिंग (किशोरकुमार करायचे तसं) चालू. रॅपमध्ये दुसऱ्याची ओळ उचलणं हा फार वाईट गुन्हा मानतात, त्याला माफी नाही, पण रेकॉर्डचा तुकडा घेऊन त्याचं वेगळंच काहीतरी करणं हे कौतुकाचं. बाहेरच्याला हा फरक पटकन कळत नाही हे मान्य.

आता तुमची बाजू. पैशाचं काय? तर बऱ्याच सॅम्पल्सची, म्हणजे ह्या तुकड्यांची, परवानगी लेबलने घेतली होती, पण 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' नावाचा एक मिनिटभराचा तुकडा आहे, गाणं पण नाही ते, फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डमधली वाक्यं आणि खाली टर्टल्स ह्या साठच्या दशकातल्या बँडच्या 'यू शोड मी'चा तुकडा हळू करून फिरवत ठेवलेला. त्याची परवानगी नव्हती. टर्टल्सच्या दोघांनी केस ठोकली, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, पैसे द्यावे लागले. गंमत म्हणजे ते गाणं टर्टल्सचं पण नाही, बर्ड्स ह्या बँडच्या दोघांनी लिहिलेलं, टर्टल्सनी गायलेलं. पण रेकॉर्डिंग टर्टल्सचं, त्यामुळे हक्क होताच, त्याच्यात मी वाद घालत नाही. विचारायला हवं होतं.

त्यानंतर डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की ह्या रॅपरच्या, परवानगीशिवाय सॅम्पल वापरल्याच्या केसमध्ये न्यूयॉर्कच्या जजने निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' ह्या आज्ञेने केली. झालं. तिथून प्रत्येक तुकड्याचे पैसे आधी मोजायचे, वकील बसवायचे, आणि एका गाण्यात चार-पाच तुकडे घालणं ज्याच्याकडे बक्कळ पैसा आहे त्यालाच परवडणार. म्हणजे असा अल्बम पुन्हा कोणी केला नाही कारण करूच शकत नव्हते.

आणि फटका सगळ्यात जास्त कोणाला बसला तर ह्याच तिघांना. जुन्या परवानग्या रेकॉर्ड आणि कॅसेटच्या जमान्यातल्या, त्यात इंटरनेटचा उल्लेख कुठून असणार, त्यामुळे स्ट्रीमिंग आलं तेव्हा सगळ्यांची गाणी वर आणि ह्यांचा सगळ्यात गाजलेला अल्बम गायब. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या यादीत घातलेला अल्बम, आणि पंधरा वर्षांच्या पोराला फोनवर ऐकता येत नाही. २०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला वैतागून ह्यांनी स्वतःच आपली जुनी गाणी २५ तास फुकट डाउनलोडला ठेवली. २०२१ मध्ये स्पायडरमॅनच्या सिनेमाच्या शेवटी 'द मॅजिक नंबर' वाजलं, थिएटरमधून बाहेर येऊन पोरं शोधायला गेली तर स्ट्रीमिंगवर नाहीच. त्याच वर्षी रिझर्व्हॉयर कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली, मग एकेक परवानगी परत सोडवत शेवटी ३ मार्च २०२३ ला अल्बम आला. ट्रुगॉय त्याआधी तीन आठवडेही नाही, १२ फेब्रुवारीला गेला. ५४ वर्षांचा. ह्याच्यावर मी जास्त लिहीत नाही, त्रास होतो.

"आणि आपलं कोणी घेतलं तर?" हा पुढचा प्रश्न पण ठरलेला. घेतलंय की. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स ह्या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' गाण्यात लतादीदींचं 'थोडा रेशम लगता है' मोठंच्या मोठं वाजतं, बप्पी लाहिरींचं संगीत, ना नाव ना परवानगी. बप्पीदा कोर्टात गेले, जजने त्यांचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायला बंदी घातली. माझ्या मते बरोबर केलं. तिथे तुकडा नव्हता, गाण्याचा अख्खा कणाच होता.

तसं आपल्याला दुसऱ्याची चाल घेणं नवीन कुठंय. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची ओळ छापलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ऐकलेल्या चालींवर पदं बांधली, भास्करबुवांनी 'स्वयंवर'साठी बंदिशी वापरल्या, आणि आपण त्याला चोरी म्हणत नाही, वारसा म्हणतो, कारण घेतलेलं तिथे वर लिहिलेलं असतं आणि गाणारा त्याचं काहीतरी करतो. मला रॅपवाल्यांकडून एवढंच हवंय, वर लिहा, पैसे द्या आणि त्याचं काहीतरी करा. तिसरी गोष्ट डे ला सोलइतकी मनापासून फार कमी जणांनी केलीय.

ऐकणार असाल तर पहिल्यापासून लावू नका, सुरुवातीला गेम शोचं नाटक आहे, त्याने वैतागाल. 'आय नो' लावा, मग 'द मॅजिक नंबर', मग 'से नो गो', हेडफोन घालून. फ्रेंचवाला तुकडा सोडून दिलात तरी चालेल, एवढी कोर्टकचेरी ज्याच्यावरून झाली तो मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात कमी आवडतो.