तिसरं प्लॅस्टर

मुलाची आणि त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिते आहे.

सोमवारी दुपारी एकच्या पुढं, अजून अकरा केसपेपर टेबलावर असताना, तालमीचे वस्ताद दारात उभे राहिले. साठीच्या पुढचे, दोन्ही कान मोडलेले, पांढरा लेंगा-शर्ट. मागं सतरा वर्षांचा पोरगा, उजवा हात प्लॅस्टरमध्ये.

"मॅडम, तिसरं हाय हे. हाडाचं तेनी बघिटलं. आत काय हाय ते आता तुमी बघा."

पोरगा मला आठवत नव्हता. केसपेपर उलटला तर चार महिन्यांपूर्वीची आमच्याच मानसोपचार विभागाची नोंद निघाली आणि तिच्याखाली माझी सही.

तिन्ही वेळा मोडलं होतं ते तळहातातलं पाचवं हाड, करंगळीच्या मुळाशी. हाडांच्या डॉक्टरांत याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. मूठ आवळून कडक वस्तूवर मारली की बहुतेकदा तिथंच मोडतं. घसरून पडणारा माणूस तळवा टेकतो, त्याचं मनगट जातं. हे ऑर्थोच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तरी पहिल्या केसपेपरवर लिहिलं होतं, 'घसरून पडला'. पोरगा जे बोलला ते लिहून घेतलं, हाड बसवलं, पुढचा पेशंट. गर्दी मला कळते, पण एक्स-रे समोर लावलेला असताना हे वाक्य लिहिणं मला आजही पटत नाही. दुसऱ्या वेळी एका ज्युनियर डॉक्टरनं कोपऱ्यात बारीक अक्षरात 'भिंतीवर मूठ?' असं लिहून आमच्याकडं पाठवलं, म्हणून तो निदान आमच्या दारापर्यंत तरी आला.

मुलीच्या हातावर खुणा दिसल्या तर वॉर्डातली मावशीसुद्धा 'प्रेमप्रकरण' म्हणून मोकळी होते. मुलानं भिंतीवर मूठ फोडली की तो रगेल. स्वतःला मारून घेणं, आपटणं हा प्रकार मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो, आणि तालमीत तर सुजलेला हात, खरचटलेला खांदा ही रोजचीच गोष्ट. या पोराला लपायला कुठं जावंच लागलं नाही.

आता माझ्या सहीबद्दल. त्या वेळी त्याला दहा मिनिटं मिळाली होती. आमच्याकडं शिकायला असलेल्या मुलीनं त्याच्याकडून वचन घेतलं, पुन्हा करणार नाही, अंबाबाईची शपथ. नोंदीत लिहिलं, 'रुग्णाने पुन्हा न करण्याचे आश्वासन दिले.' अशी वचनं घेऊन इजा थांबते याला पुरावा नाही, हे मी स्वतः वर्गात शिकवते. त्यानं कागद तेवढा सुरक्षित होतो. तरी घाईत मी खाली सही केली. शपथ नऊ दिवसांनी मोडली. देवीची शपथ मोडली म्हणून त्यानं देवळात जाणं बंद केलं, देवळासमोरचा महाद्वार रोड टाळायला लागला, आणि आमच्याकडं तर फिरकलाच नाही. जे एकदा व्हायचं ते लाजेपोटी तीनदा व्हायला लागलं. चूक त्या मुलीची म्हणायला मी तयार नाही.

वस्तादांना बाहेर बसवलं. पोराला 'का केलंस?' असं विचारलं नाही. 'का' म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. काय झालं, कुठं झालं, आधी काय चाललं होतं, एवढंच. आणि सरळ शब्दांत, "मरावं असं मनात येतं का?" हे विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो अशी भीती कित्येक डॉक्टरांनाही वाटते. तसं होत नाही.

"मरायचं न्हाई ओ मॅडम. उलट हात फुटला की डोस्कं गप हुतंय. थोडा वेळ. मग परत सुरू."

मरायचा हेतू नसताना करून घेतलेली इजा बऱ्याचदा अशीच असते. आतला कल्लोळ सोसवेना की वेदना ओढून आणायची. वेदना ओसरताना कल्लोळही थोडा ओसरतो, मेंदू ती वाट लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी पाय आपोआप तिकडं वळतात. कुणाकुणात त्याबरोबर स्वतःला शिक्षा देणंही असतं. पण आज मरायचं नाही याचा अर्थ कधीच नाही, असा घेता येत नाही. अशा मुलांत पुढं आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो. म्हणून तोच प्रश्न मी दर भेटीला विचारते.

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या बोलून करायच्या उपचारपद्धतीत एक साखळी काढायची असते. इजेच्या क्षणापासून मागं मागं जायचं, एकेक कडी लिहायची, अगदी काय खाल्लं होतं, कोण काय बोललं इथपर्यंत. मी एक्स-रेचा कोरा फॉर्म पालथा घातला आणि रेघ ओढली. तो म्हणाला, "म्हंजे कुस्ती उलटी सांगायची."

"तशीच. चीत कधी झालास ते मला माहीत आहे. सापडलास कुठं ते दाखव."

डाव्या हातात पेन धरून त्यानं लिहिलं, वेडंवाकडं. रात्री दहा, हौदामागची भिंत. त्याआधी आंघोळ. त्याआधी आपल्यापेक्षा लहान पोराकडून कलाजंग डावावर चीत. मला वाटलं, बोट इथं थांबणार. ते थांबलं नाही. सरकत सरकत रेघेच्या अगदी सुरुवातीला गेलं. सहा वाजता आबांचा फोन.

"आबा रागावले?"

"न्हाई ओ. म्हटलं, म्हैस दुधाला वाढलीया, खुराकाला कमी पडू देणार न्हाई."

मी इतका वेळ रागावणारा बाप शोधत होते. पुस्तकं तेच शिकवतात, मुलाच्या भावनांना खोटं ठरवणारं घर. इथं घरी दोन म्हशी, दूध संस्थेला घालायचं, आणि त्या बिलातून याचं तूप-बदाम. बहिणीचं बारावीनंतरचं शिक्षण त्यापायी थांबलं होतं. ती कधी बोलून दाखवत नव्हती. प्रेमाचा प्रत्येक फोन याच्या अंगावर उधारीसारखा चढत होता, आणि आखाड्यात हरला की वसुली भिंतीवर.

मी त्याला मार्शा लिनेहानबद्दल सांगितलं. ही पद्धत बांधणारी अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञ. सतरा वर्षांची असताना ती मनोरुग्णालयात होती, स्वतःला इजा करून घ्यायची, आणि हे तिनं २०११ साली जाहीरपणे सांगितलं. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "तिला कुणी शिकिवलं मग?" त्याचं चांगलं उत्तर मला देता आलं नाही.

या पद्धतीचे पाय चार: एकट्याशी बोलणं, गटात कौशल्यं शिकणं, गरजेच्या वेळी फोन, आणि उपचार करणाऱ्यांची आपसातली बैठक. माझ्याकडं आठवड्याला चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी नऊपर्यंतचा फोन. गट नाही, बैठक नाही. नऊनंतरसाठी प्लॅस्टरवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहिला, १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

मग वस्तादांना आत घेतलं, पोराला विचारून, तो म्हणाला तेवढंच सांगायचं ठरवून. तोंड गार पाण्यात बुडवून, श्वास रोखून तीसेक सेकंद राहिलं की नाडी मंदावते आणि भडका खाली येतो. हृदयाचा त्रास असेल तर हे सांगत नाही, याचा नव्हता. तालमीत पाण्याचा हौद होताच. कोणत्याही वेळी, कुणालाही न विचारता हा हौदावर जाईल, एवढं वस्तादांनी कबूल केलं. "आणि दोनशे बैठका मारू दे की," ते म्हणाले. एरवी अंग दमवणंही या पद्धतीत बसतं, पण या पोराच्या बाबतीत मी नको म्हटलं. त्यानं बैठकांचीही शिक्षा केली असती.

जाताना वस्ताद दारात थांबले. "मीबी त्याला रगेल म्हटलं मॅडम. चारचौघांत. कौतिकानं."

पोरगा अठराच्या आतला, त्यामुळं उपचाराला पालकाची सही लागते, आणि वस्ताद कायद्यानं पालक नाहीत. गुरुवारी आबा आले, किटलीभर दूध घेऊन. काय सांगायचं हे मी तीन दिवस घोळवत होते. तुमची माया त्याला जड होते आहे, असं कुठल्या बापाला कसं सांगायचं? शेवटी पोरानंच साखळीचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी तो दोनदा वाचला.

"मग फोनवर खुराकाचं बोलू नको म्हंता?"

"थोडे दिवस."

"मग बोलू काय त्येच्याशी?"

ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, म्हशीचं सांगा, शेताचं सांगा. तो काय म्हणतो ते ऐका. ते मान हलवत गेले. पटलं की नाही, कळलं नाही. बहिणीच्या शिक्षणाचा विषय मी काढलाच नाही. काढायला हवा होता का, हे अजून ठरत नाही.

सहाव्या आठवड्यात प्लॅस्टर निघालं होतं. "आबा आता रेडकाचंच सांगत्यात, अर्धा-अर्धा तास," तो म्हणाला आणि खुर्चीत टेकला. उजव्या हाताच्या बोटांवर ताजं खरचटलेलं दिसलं. मी काही विचारायच्या आत त्यानं खिशातून घडी घातलेलं, रोज भरायचं नोंदीचं कार्ड काढलं आणि बोट ठेवलं. मंगळवार. हौदावर गेला होता, पाणी नव्हतं.

शपथेचं तो काही बोलला नाही, मीही नाही. पालथा फॉर्म घेतला, रेघ ओढली आणि पेन त्याच्याकडं दिलं.