रिकॉम्बिनंट कायनेजची व्हायल मागवण्याआधी

खानदेशातल्या फार्मसी आणि जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सातपुड्यातल्या एखाद्या वनस्पतीचा अर्क कायनेजवर, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर), तपासून पाहण्याची कल्पना हमखास सुचते, आणि ती वाईटही नाही. माझा आक्षेप आहे तो खरेदीच्या मागणीपत्राला. त्यात ‘ह्यूमन ईजीएफआर, १० मायक्रोग्रॅम’ (ईजीएफआर हे असेच एक कायनेज) एवढेच लिहिलेले असते आणि सोबत तीन दरपत्रके जोडलेली असतात. एकाच नावाच्या दोन व्हायलींत एकच वस्तू असते असे गृहीत धरून सर्वांत कमी दराची निवड होते; वस्तुस्थिती तशी नसते.

कायनेजचे काम म्हणजे एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा फॉस्फेट गट काढून दुसऱ्या प्रथिनातील सेरिन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवणे. मानवी जीनोममधल्या अशा विकरांची २००२ साली प्रसिद्ध झालेली गणना ५१८ भरली. फॉस्फेटच्या या देवघेवीचा शोध लावल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल मिळाले, आणि २००१ मध्ये कायनेज रोखणाऱ्या इमॅटिनिब या कर्करोगावरील औषधाला मान्यता मिळाल्यापासून औषधसंशोधनाचे लक्ष या कुळावर खिळले.

व्हायलीतले प्रथिन माणसाच्या रक्तातून काढलेले नसते. मानवी असतो तो केवळ त्याचा जनुक. ई. कोलाय जिवाणूत अनेक कायनेजची घडी नीट बसत नाही आणि न विरघळणारे गोळे तयार होतात, म्हणून बहुधा कीटकपेशी वापरतात. त्यांतली एसएफ-९ ही पेशीमालिका स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डाच्या कोषातील अंडाशयापासून निघालेली आहे, म्हणजे २०१८ पासून आपल्याकडे मक्याचे पोंगे खाणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीचीच ती जात. मानवी जनुक या पेशींत नेणारा बॅक्युलोव्हायरसही आपल्याला अगदीच परका नाही: हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी राणीपाल मिसळून संध्याकाळी फवारतात तो एचएएनपीव्ही त्याच कुळातला. हा विषाणू स्वतःभोवतीच्या कवचासाठी पॉलिहेड्रिन नावाचे प्रथिन प्रचंड प्रमाणात बनवतो. प्रयोगशाळेत त्या जनुकाच्या जागी मानवी कायनेजचा जनुक बसवला, की २७ अंश सेल्सिअसला वाढणारी पेशी दोन-तीन दिवसांत आपल्याला हवे ते प्रथिन तयार करून देते. चोपडा-शिरपूरच्या शेतीपट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना फळ्यावर फारसे काही काढावे लागत नाही.

आता दरपत्रकासोबतच्या माहितीपत्रकाकडे वळू. ईजीएफआर हे सुमारे १२०० अमिनो आम्लांचे, पेशीपटलातून आरपार गेलेले प्रथिन आहे, पण विकत मिळतो तो बहुधा त्याचा पेशीच्या आतला तुकडा. तो कोणत्या अमिनो आम्लापासून सुरू होतो, शुद्धीकरणासाठी त्याला हिस्टिडिनची शेपटी जोडली आहे की जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज) हे प्रथिन, हे पाहणे आवश्यक आहे. जीएसटी स्वतः जोडीने राहते, त्यामुळे जोडी जमल्यावर जागे होणाऱ्या कायनेजच्या वागण्यात तिचा हात असू शकतो. ईजीएफआरमध्ये एल८५८आर या उत्परिवर्तनासोबत टी७९०एम हेही असले, तर तो प्रकार एकट्या एल८५८आर प्रकारापेक्षा एटीपीला अधिक घट्ट धरतो, म्हणून एका प्रकारावरचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. विशिष्ट क्रियाशीलता दर मिनिटाला दर मिलिग्रॅममागे किती नॅनोमोल एवढीच वाचून भागत नाही. ती कोणत्या सब्स्ट्रेटवर (विकर ज्यावर काम करते त्या पदार्थावर) मोजली आणि तुमच्या हाती येणाऱ्या लॉटची आहे की जुन्या लॉटची, हे विक्रेत्याला लेखी विचारावे.

याहून मोठी गफलत एटीपीच्या मात्रेत होते. बहुतेक अवरोधक, म्हणजे विकराचे काम रोखणारी संयुगे, एटीपीच्याच जागेवर बसू पाहतात, त्यामुळे आयसी५० (विकराचे काम निम्म्यावर आणणारी अवरोधकाची मात्रा) हा आकडा एटीपी किती घातले यावर हलतो. एटीपीची मात्रा केएमइतकी (विकराचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तेवढी) असेल तर आयसी५० हा केआयच्या (अवरोधक विकराला किती घट्ट धरतो ते सांगणाऱ्या स्थिरांकाच्या) दुप्पट येतो. मात्रा केएमच्या शंभरपट केली तर तोच केआयच्या १०१ पट होतो. जिवंत पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असते, आणि आपल्या चाचण्या पुष्कळदा काही मायक्रोमोलरवर होतात. एटीपीची मात्रा न देता छापलेला आयसी५० मी तरी विद्यार्थ्यांना तुलनेसाठी घेऊ देत नाही.

अर्कांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल प्रथिनाला सरसकट चिकटतात, काही संयुगे पाण्यात पुंजके करून विकराला अडकवून ठेवतात, आणि दोन्ही वेळा आलेख सुरेख उतरतो. चाचणीत ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखे द्रव्य घातल्यावर अवरोध नाहीसा झाला, तर बहुधा ती पुंजक्यांचीच करामत होती, औषधी गुणाची नव्हे. ही तपासणी जवळपास फुकटात होते, तरी प्रबंधांत ती क्वचितच दिसते, याचे मला नवल वाटते.

पार्सल कोरड्या बर्फात, म्हणजे उणे ७८.५ अंशांवर येते, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना कुरिअरच्या गोदामात ते एक रविवार पडून राहणे परवडणारे नाही. जून उजाडल्यावर, आठवड्याच्या सुरुवातीला पोहोचेल अशा बेताने मागवावे. आल्याबरोबर बर्फावर ठेवून एका प्रयोगापुरते छोटे भाग करावेत, प्रत्येकावर लॉट क्रमांक घालावा आणि उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवावेत. त्यानंतर एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. तो फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही, हे मागणीपत्रावर सही करण्याआधी विभागप्रमुखांना विचारून घ्यावे.