जळत्या साच्यातून निघालेली काच

हेलसिंकीहून तांपेरेकडे जाणाऱ्या रेल्वेने रीहिमाकी येथे मी उतरले, ते तेथील फिनिश काच संग्रहालयासाठी. एका जुन्या काच कारखान्याच्या इमारतीतील या संग्रहालयात मी सर्वाधिक वेळ थांबले फिनिश रचनाकार तिमो सार्पानेवा (1926–2006) यांच्या ‘फिनलांडिया’ या काचवस्तूंच्या मालिकेसमोर. ही काच गुळगुळीत नाही. तिच्यावर झाडाच्या सालीसारख्या उभ्या भेगा आणि वळ्या आहेत, आणि प्रकाश त्यांत अडकत अडकत पलीकडे जातो.

ही साल कोणी कोरलेली नाही. फुंकीव काचेसाठी लाकडी साचे पूर्वीपासून वापरात आहेत. मात्र ते पाण्यात भिजवून वापरतात, म्हणजे हजार अंशांच्या आसपास तापलेली काच टेकताच पाण्याची वाफ होते, त्या वाफेचा पातळ थर काच आणि लाकूड यांच्यामध्ये राहतो आणि काच नितळ उतरते. सार्पानेवा यांनी 1964 च्या या मालिकेत नेमके उलट केले. आल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाचे साचे त्यांनी आतून जळू दिले. कारागिराने फुंकनळीतून हवा भरली की फुगणारी काच त्या जळत्या लाकडाला जाऊन भिडे आणि त्याचे रेषारेषांचे अंग जसेच्या तसे उचलून घेई. पुढच्या वेळी तोच साचा आणखी जळालेला असे, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन वस्तूही सारख्या नसत. पुढे मोठ्या उत्पादनासाठी टिकाऊ साचे आले आणि ही गंमत अर्थातच गेली.

फिनलंडच्या काचेविषयी बोलताना लोक आधी वास्तुविशारद आल्वार आल्टो यांच्या 1936 च्या नागमोडी फुलदाणीचे नाव घेतात. ती फिनलंडच्या सरोवरांच्या काठांवरून सुचली, असे सर्रास सांगितले जाते. त्यातच फिनिश भाषेत ‘आल्टो’ म्हणजे लाट, त्यामुळे ही कथा अधिकच पटते. मला ती तितकीशी पटत नाही. स्पर्धेसाठी पाठवलेल्या या रेखाटनांना आल्टो यांनी दिलेले शीर्षक एस्किमो स्त्रीच्या चामडी विजारीविषयीचे होते! सरोवर पाहणाऱ्याने ते खुशाल पाहावे. निसर्ग येथे बव्हंशी आपल्या नजरेने आणलेला आहे, एवढेच माझे म्हणणे.

आणखी एक फिनिश रचनाकार तापिओ विर्क्काला (1915–1985) यांच्याबाबत अशी शंका राहत नाही. रानातील पिवळ्या कांतारेल्ली अळंबीवरून त्यांनी 1946 मध्ये केलेली फुलदाणी वर पातळ होत बाहेर उमलते आणि तिच्या अंगावर अळंबीच्या पापुद्र्यांसारख्या बारीक उभ्या रेषा कोरलेल्या असतात. फिनलंडच्या उत्तरेकडील लॅपलंडमधील इनारी परिसरात त्यांचे घर होते, आणि तेथील वितळणारा बर्फ त्यांच्या कामात वारंवार येतो. 1968 च्या ‘उल्तिमा थूले’ पेल्यांना तर बुडाशी थेंबांसारखे पाय आहेत, जणू पाणी ओघळता ओघळता गोठले. फिनएअर कंपनीने हे पेले न्यूयॉर्कच्या विमानांत वापरले होते. विर्क्काला यांनी बर्फ डोळ्यांनी टिपला आणि मग हाताने साच्यात उतरवला. सार्पानेवा यांनी लाकडालाच बोलू दिले. दोन्ही मोठेच, पण माझे मन दुसऱ्या प्रकाराकडे अधिक ओढ घेते.

परतण्यापूर्वी हेलसिंकीच्या जुन्या बाजारात मला ‘फिनलांडिया’ची एक लहान फुलदाणी मिळाली. ती टिकाऊ साच्यातील, म्हणजे पुढच्या काळातील असावी, असा माझा अंदाज आहे. किंमतही त्याच मानाने होती. मोज्यांत गुंडाळून ती पुण्याला सुखरूप आणली. आईने ती हातात घेतली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाली, “अगं, पैसे देण्याआधी नीट पाहायचं तरी. सगळीकडून तडकली आहे.” मी तिचे बोट धरून त्या वळ्यांवरून फिरवले. तिने दोन-तीनदा स्वतःच बोट फिरवून पाहिले, मग उठून जुना टूथब्रश आणला आणि खाचांत बसलेली धूळ काढायला लागली.