हात वर न करणारी माणसं

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबद्दल मी वाचायला लागले ती त्यांच्या युद्धविरोधामुळे, पण अडकले भलत्याच गोष्टीत. यांच्या कामकाजाच्या सभेत मतदानच होत नाही! हात वर करा, मोजा, जास्त हात ती बाजू जिंकली, असलं काहीच नाही. आधी सगळे शांत बसतात, मग ज्याला आतून वाटेल तो बोलतो, मधेच पुन्हा शांतता, आणि क्लार्क म्हणून जो कोणी असतो तो सभेचा कल ओळखून लिहून काढतो आणि तिथेच वाचून दाखवतो, एखाद्याला खरंच पटलं नसेल तर विषय पुढच्या सभेवरही जातो. आणि हीच मंडळी अमेरिकेत पावणेदोनशे वर्षं लोकांच्या मताधिकारासाठी झगडतायत.

आधी मला हे विचित्र वाटलं, आता नाही वाटत. आपल्याकडे व्होटलाही मतच म्हणतात आणि माणसाला जे वाटतं त्यालाही मतच. क्वेकर लोक सभेत पहिलं घेत नाहीत कारण दुसरं एकाचंही राहून जायला नको. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे ही त्यांची मूळ श्रद्धा, मग कोणाला गप्प करणं म्हणजे काय हे त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

ल्युक्रेशिया मॉट मला यात सगळ्यात जवळची वाटते. फिलाडेल्फियाची क्वेकर प्रवचनकार, जुलै १८४८ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली त्यात पुढे होती. परिषद भरवणाऱ्यांपैकी एक असलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटननी ठरावांत मताधिकार घातला तेव्हा खुद्द मॉटच म्हणाली की अगं लोक हसतील आपल्याला. तरी ठराव पास झाला, गुलामगिरीतून सुटलेले काळे नेते फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. पुढच्याच वर्षी मॉटनी एका भाषणात जे मांडलं ते तर मी परत परत वाचलं, तिचं म्हणणं असं की सरकारची सध्याची अवस्था बघता बायकांनी मत द्यावं असं मी सुचवणार नाही, पण हक्क मात्र तिचा आहेच, ती वापरो न वापरो, तो तिला मिळालाच पाहिजे. किती स्वच्छ विचार आहे हा!

क्वेकर घरातच वाढलेल्या सुझन बी. अँथनीनी १८७२ ला रॉचेस्टरमधे सरळ जाऊन मत टाकलं, अटक झाली, खटल्यात जज्जने ज्युरीला विचार करायलाही न देता दोषी ठरवायला लावलं, १०० डॉलर दंड झाला आणि तो तिने शेवटपर्यंत भरला नाही.

मग अ‍ॅलिस पॉल. तीही क्वेकरच. जानेवारी १९१७ पासून मताधिकार मागणाऱ्या तिच्या बायका व्हाइट हाऊसच्या गेटसमोर फलक धरून उभ्या राहायच्या, तोंडातून एक शब्द नाही. क्वेकर सभेतली शांतताच रस्त्यावर आणल्यासारखी. तुरुंग झाला, उपोषण केलं, नळी घालून जबरदस्तीने अन्न दिलं. पण १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात काळ्या बायकांना मागे चाला असं सांगितलं गेलं, आणि त्या मोर्चाची मुख्य आयोजक हीच अ‍ॅलिस पॉल. काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्सनी ते ऐकलं नाही, ती मधेच आपल्या इलिनॉयच्या गटात जाऊन चालली. वाचून मला फार वाईट वाटलं, आणि हे झाकून ठेवू नये असंही वाटलं, कारण कितीतरी क्वेकर सभागृहांतही एके काळी काळ्या लोकांसाठी बाक वेगळा होता.

१९२० ला बायकांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती झाली तरी दक्षिणेत काळ्या लोकांना साक्षरता चाचणी, मतदान कर असल्या गोष्टींनी अडवणं चालूच राहिलं, ते मोडलं १९६५ च्या व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टने. त्यातलं पाचवं कलम भारी होतं: भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी घ्यायची. म्हणजे अन्याय झाल्यावर कोर्टात पळायचं नाही, आधीच थांबवायचं. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटी केसमधे ५ विरुद्ध ४ ने, ही राज्यं ठरवायचं सूत्रच रद्द केलं, त्यामुळे पाचवं कलम नुसतं कागदावर उरलं, आणि त्याच दिवशी टेक्ससने मत द्यायला ओळखपत्र लागेल असा आपला अडकलेला कायदा लागू करतो म्हणून जाहीर केलं.

ते पाचवं कलम परत उभं करावं म्हणून जे लोक खासदारांच्या मागे लागलेत त्यांत क्वेकरांची वॉशिंग्टनमधली एफसीएनएल ही संस्था आहे, १९४३ पासूनची, कुठल्याच पक्षाची नाही. नागरी हक्कांच्या लढ्यातले नेते जॉन लुइस यांच्या नावाचं त्यासाठीचं बिल हाऊसमधे पास झालं, पण सेनेटमधे पुढे सरकायलाच शंभरातली ६० मतं लागतात, जानेवारी २०२२ मधे ती मिळाली नाहीत.

इथे मी बराच वेळ थांबले. थोड्या लोकांनी सगळ्यांना थांबवणं तर क्वेकर सभेतही होतं, एक माणूससुद्धा थांबवू शकतो. पण तिथे थांबवणाऱ्याला बाकीच्यांसमोर बसून आपलं कारण सांगावं लागतं, त्यांचं ऐकावं लागतं, आणि आपला आक्षेप खरंच आतून आलाय का हे शांतपणे तपासावं लागतं.